ऑर्डर आहे, पण पोलीस ठाण्यात ती वाचतं कोण?

मा. संपादक,

घटस्फोटाची केस टाकली की मारहाण थांबते असा लोकांचा समज असतो, पण उलट नोटीस हातात पडली की कितीतरी नवऱ्यांचं डोकं जास्तच फिरतं. माझ्या मावसबहिणीला कोर्टाने प्रोटेक्शन ऑर्डर दिली, नवऱ्याने तिच्या घरी जायचं नाही, ऑफिसला जायचं नाही, फोन करायचा नाही, सगळं स्पष्ट लिहिलंय. तरी हा रात्री अकराला बिल्डिंगखाली उभा, बेल वाजवतोय, वॉचमनला शिव्या देतोय. ती ऑर्डर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पोलीस ठाण्यात गेली तर ड्युटीवरच्या साहेबांनी फोल्डर उघडलासुद्धा नाही. "घटस्फोट चालू आहे ना, मग कोर्टातच सांगा, आम्ही नवरा-बायकोच्या मधे पडत नाही." एनसी (अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद) लिहून घेतली आणि दिलं पाठवून.

अहो साहेब, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ही ऑर्डर मोडणं हाच गुन्हा आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कलम ३२ म्हणतं की हा दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय गुन्हा नोंदवून अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा. मग एनसी कसली? वर एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा झाला असं मानू शकतं. कायद्याचा गैरवापर होतो म्हणून ओरडणाऱ्यांनाही एक सांगते, नुसती ऑर्डर निघाली म्हणून कोणी आत जात नाही, ती मोडली तरच पुढचं सगळं.

वकीलही कमी नाहीत. घटस्फोट फॅमिली कोर्टात चालू असेल तर याच कायद्याच्या कलम २६ खाली तिथेच संरक्षण, राहायला घर, खर्च मागता येतो, वेगळी केस टाकलीच पाहिजे असं नाही, आणि धोका दिसत असेल तर अॅफिडेव्हिटवर, समोरच्याला न ऐकता तात्पुरती ऑर्डरसुद्धा मिळू शकते. बहिणीला हे तिसऱ्या वकिलाने सांगितलं! पहिल्या दोघांनी फक्त तारखा घेतल्या (आणि फी).

तुमच्या पेपरच्या क्राइम रिपोर्टरने शहरातल्या ठाण्यांमध्ये जाऊन एवढंच विचारावं, की इथे कलम ३१ खाली गेल्या वर्षी किती गुन्हे नोंदवले, आणि या भागाचे संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बायकांना मदत करायला सरकारने नेमलेले) कोण, त्यांचा नंबर भिंतीवर कुठे लावलाय. जे उत्तर मिळेल ते ठाण्याच्या नावासकट छापा.

एक वाचक, पुणे