ऑनसाइटला नाही म्हटलं, त्याबद्दल

कोथरूड, पुणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही "बरी आहेस ना?" एवढं विचारून फोन आईकडे देता आणि आई, तू पहिल्याच वाक्याला गप्प होतेस. मग मी पावसाचं काहीतरी बोलते आणि ठेवून देते.

मावशीने सांगितलं ते खरं आहे. कंपनीने ऑनसाइटला, म्हणजे तिकडच्या कामावर जर्मनीला, दीड वर्षासाठी जाशील का म्हणून विचारलं होतं आणि मी नाही कळवलं. नोकरी आहे तशीच आहे, पगार आहे तसाच आहे, फ्लॅटचा हप्ता वेळेवर जातोय. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल.

कारण क्लबची बास्केटबॉलची टीम. आमचे सर वयामुळे आता मैदानावर उभे राहू शकत नाहीत. त्यांनीच क्लबच्या मंडळींना सांगितलं की बायकांची टीम हिच्याकडे द्या. पण खेळणं सोडून चालणार नाही, कारण उंच म्हणाव्यात अशा आम्ही दोघीच. म्हणजे खेळायचंही मीच आणि शिकवायचंही मीच. याला प्लेअर-कोच म्हणतात. बाबा, यावर तुम्ही मावशीला म्हणालात म्हणे, "दोन्ही डगरींवर पाय ठेवला की माणूस मधेच पडतो." तुमचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, १९७९ नंतर एकही प्लेअर-कोच झालेला नाही. पुढे खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली, तेव्हा कोचच्या नावाखाली जास्त पैसे देण्याची पळवाट नको म्हणून नियमानेच ती वाट बंद केली. पण त्याआधी बिल रसेल होऊन गेला. बॉस्टनच्या टीमने १९६६ साली त्याला खेळता खेळताच कोच केलं. एनबीएतला तो पहिला कृष्णवर्णीय कोच. पहिल्या वर्षी अजिंक्यपद हातचं गेलं, पण १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन त्याने जिंकून दिली आणि मग दोन्ही कामं एकदमच सोडून तो घरी गेला.

रसेल मात्र फार मोठा माणूस. त्याचं उदाहरण देऊन मी स्वतःचं काही सिद्ध करायला गेले तर तुम्ही हसाल. मला सांगायचंय ते निक नर्सबद्दल.

आयोवा राज्यातलं कॅरल नावाचं छोटं गाव, घरात नऊ भावंडं, हा शेंडेफळ. त्याच राज्यातल्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात खेळला, लांबून बास्केट मारण्यात पटाईत होता, आणि बाबा, शिकला अकाउंटिंग. पण एनबीएत घ्यावं असा तो नव्हता. वर्षभर आपल्याच विद्यापीठात सहायक कोच म्हणून राहिला आणि १९९० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इंग्लंडला डर्बीच्या टीममध्ये गेला. प्लेअर-कोच म्हणून. इंग्लंड म्हणजे फुटबॉलचा देश. तिथे बास्केटबॉलला कोण विचारतो? अमेरिकेतल्या खेळाडूच्या दृष्टीने ते आडगावच.

तुम्ही लगेच म्हणाल, मग तोही परदेशी गेलाच की. गेला, पण कशासाठी ते बघा. तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात त्याच्या घरी कोणी टीम दिली नसती. डर्बीने दिली. वर्षभराने तो परत आला आणि एका छोट्या कॉलेजचा मुख्य कोच झाला, त्या वयात. मला जर्मनीत काय मिळणार होतं? तेच लॅपटॉप, तेच कॉल, फक्त थंडी जास्त. टीम मला इथे मिळतेय, डेक्कनपासून चालत दहा मिनिटांवर. नर्स जिथे टीम होती तिथे गेला, मीही तिथेच जातेय.

त्याची पुढची वर्षं मी मुद्दाम शोधून वाचली, कारण बातम्यांमध्ये फक्त शेवट येतो. १९९५ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि मग तिकडेच रमला. बर्मिंगहॅमला १९९६ साली तिथल्या लीगचं अजिंक्यपद, मँचेस्टरला २००० साली आणखी एक. मधे बेल्जियम, मग ब्रायटन. ब्रायटनमध्ये असताना त्याच्या टीमकडून एनबीए गाजवलेला डेनिस रॉडमन येऊन खेळून गेला. हो, तोच रंगीबेरंगी केसांचा. माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं आणि आईला ते बघून धडकी भरायची. २००७ ला नर्स अमेरिकेत परतला तो थेट एनबीएत नाही, खालच्या लीगमध्ये. तिथे दोन वेगवेगळ्या टीमना, २०११ आणि २०१३ मध्ये, जिंकून दिलं, तेव्हा एनबीएतल्या टोरांटोच्या टीमने त्याला सहायक म्हणून घेतलं. मुख्य कोच झाला २०१८ ला. पुढच्याच वर्षी टोरांटो एनबीए जिंकली.

डर्बी ते तो करंडक, मधे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं. मला करंडकापेक्षा ही मधली वर्षंच जास्त वाचावीशी वाटली. पाचशे माणसांचा हॉल, बसचा प्रवास, पुढच्या वर्षी क्लब टिकेल की नाही याचा भरवसा नाही. हे सगळं मला ओळखीचं आहे. आपल्याकडे बायकांच्या बास्केटबॉलमध्ये पैसा नाही. चांगल्या मुली रेल्वेत जातात, कारण तिथे खेळावर नोकरी मिळते. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण रस्त्यात चार जणांना नाव विचारून बघा. सगळ्यांना क्रिकेट ठाऊक.

२०१९ च्या अंतिम सामन्यांमधली एक गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी, बाबा, कारण ती भूमितीची आहे. समोरच्या टीममध्ये स्टेफन करी, लांबून मारणारा. नर्सने दुसऱ्या सामन्यात शेवटी शेवटी काय केलं, तर चौघांना बास्केटपुढे चौकोनात उभं केलं आणि पाचव्याला सांगितलं, तू फक्त करीला चिकट, बॉल कुठेही जाऊ दे. याला बॉक्स अँड वन म्हणतात. हा शाळेच्या मॅचमधला डाव. एनबीएच्या फायनलला कोणी काढत नाही, कारण तिथे पाचही जण मारणारे असतात. पण त्या वेळी करीचा जोडीदार क्ले थॉम्पसन दुखापतीने बाहेर बसला होता, हे नर्सने हेरलं. पाच मिनिटांच्या वर समोरच्यांना एकही बास्केट मिळाली नाही. तरी ती मॅच टोरांटो हरली! अगदी शेवटच्या सेकंदांत करीच्याच टीममधल्या इगुडालाने लांबून मारलं आणि ती गेली. करी नंतर त्या डावाबद्दल जरा कुत्सितच बोलला. पण मला वाटतं, शाळेचा डाव इतक्या मोठ्या ठिकाणी काढायची लाज त्यालाच वाटत नाही, ज्याने छोट्या हॉलमध्ये आयुष्य काढलंय.

आणि हा काही एकटाच नाही. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधला फॅब्युलस फ्लोर्नॉय (नाव खरंच तसं आहे) इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या टीमचा कितीतरी वर्षं खेळाडूही होता आणि कोचही. चाळिशी ओलांडली तरी मैदानात उतरत होता. २०१९ मध्ये तोही टोरांटोला, नर्सच्या हाताखाली गेला.

आता "दोन्ही एकदम कसं जमतं?" हे सांगते. गेल्या रविवारी मॅच होती. मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी कोचने टेबलावर जाऊन पहिल्या पाच जणींवर खूण करून सही करायची असते. स्वतःच्या नावापुढे खूण करताना हात थोडा अडखळतो, कारण त्या खुणेमुळे बाकावर कोण बसणार हे आपल्याला माहीत असतं. त्यांच्या एका सहा फुटी मुलीला अडवायचं काम माझ्याकडे होतं. दोन क्वार्टर मला तिचं फक्त कोपर लागत होतं, दुसरं काही कळत नव्हतं. तिसऱ्यात माझे चार फाउल झाले. पाचव्याला बाहेरच, म्हणून मीच स्वतःला बदलायला सांगितलं. आमची सतरा वर्षांची एक मुलगी टेबलाकडे पळाली. आत गेल्या गेल्या तिने बॉल घेऊन पावलं जास्त टाकली आणि बॉल गेला. मी बाकावरून ओरडणार होते, ओरडले नाही. कारण तेवढ्यात दिसलं की ती सहा फुटी दर वेळी डाव्या खांद्यावरूनच वळते. दर वेळी! अंगावर घेऊन खेळताना हे दिसत नाही, आणि नुसतं बाकावर बसलेल्याला ते अंगावर कसं येतं हे कळत नाही. टाइमआउट घेतला, मुलीला सांगितलं, तिचा डावा खांदा धरून उभी राहा, उजवीकडून गेली तर जाऊ दे. पुढच्याच बॉलला पोरीने हात मारून तो काढून घेतला. शेवटची चार मिनिटं मी परत आत गेले, तेव्हा मलाही तेच करायचं होतं.

बाबा, तुम्ही मुख्याध्यापक झालात तरी दहावीचा गणिताचा तास सोडला नाहीत. संस्थेची माणसं म्हणायची, कशाला खडू हातात घेता आता? तेव्हा तुम्ही काय उत्तर द्यायचात ते मला आठवतंय, आणि तुम्हालाही आठवत असणार. मला त्यापेक्षा वेगळं काही म्हणायचं नाही.

आई, आता तुझं. गुडघ्याचा एमआरआय झालाय, डॉक्टर म्हणाले स्नायू बळकट ठेव आणि रोज खेळू नकोस. म्हणून सकाळच्या सरावाला मी आठवड्यातून तीनच दिवस खेळते, बाकी दिवस शिट्टी. पाऊस झाला की कोर्टवर पाणी साचतं, तेव्हा सगळ्या मिळून वायपरने पाणी ढकलतो, कोपऱ्यात गोणपाट टाकतो आणि कोरडं झाल्याशिवाय कोणालाही पळू देत नाही. सहा ते आठ सराव, मग घरी येऊन आंघोळ, मग हिंजवडीची बस. जेवते नीट. पोळ्यांच्या काकू डबाही करून देतात. "हे किती दिवस?" याला माझ्याकडे तारीख नाही. पाय चालतील तोवर खेळेन आणि शिकवणं त्यानंतरही राहील, एवढंच आत्ता दिसतंय. लग्नाबद्दल वेगळं पत्र लिहीन, यात ते मिसळायला नको.

बाबा, एक काम आहे. टीमच्या मागच्या दोन वर्षांच्या स्कोअरशीट माझ्याकडे आहेत, कपाटात नुसत्या पडून. मुली फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे नेम, फार घालवतात, पण कोण, कधी, मॅचच्या कुठल्या क्वार्टरमध्ये, हे मांडून बघायला मला वेळ मिळत नाही. कुरियरने पाठवते. तुम्ही तक्ते करून द्याल का? सोबत खुणांचा अर्थ लिहिलेला कागद ठेवते, अडलं तर फोन करा, आणि त्या वेळी तरी लगेच आईकडे देऊ नका. घाई नाही, पण दिवाळीनंतरच्या स्पर्धेआधी मिळाले तर बरं.

आई, बीपीचा रिपोर्ट आला असेल तर फोटो काढून पाठव. सकाळची गोळी रिकाम्या पोटी की खाऊन, ते डॉक्टरांना विचारलंस का?

तुमची,
चिऊ