विषय : लंडन सहलीत नाटकाचा शेवट होण्याआधीच आम्हाला उठवून नेल्याबद्दल तक्रार

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या जून महिन्यातील इंग्लंड सहलीला मी आणि माझी ८१ वर्षांची आई आलो होतो. गुरुवार, १९ जूनच्या संध्याकाळी 'फिडलर ऑन द रूफ' या संगीत नाटकाचा प्रयोग सहलीत होता. त्यासाठी आम्ही मूळ रकमेशिवाय माणशी १४,५०० रुपये जास्तीचे भरले. आम्हाला त्या नाटकाची सुरुवात पाहता आली नाही आणि शेवटही पाहता आला नाही. २५ जूनला मी ईमेल केला. त्यावर आपलं उत्तर आलं, 'प्रयोगाचा बहुतांश भाग पाहता आल्याने परतावा लागू होत नाही.' ते वाचल्यावर हे पत्र सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी हे सांगते की आम्ही ही सहल या नाटकासाठीच निवडली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू आहोत. आईचं माहेर अलिबागजवळचं. तिचे आजोबा तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी, आमच्या साबाथच्या म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवत, म्हणून आमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत. हे नाटक १९०५ च्या सुमाराच्या रशियन साम्राज्यातल्या एका ज्यू खेड्यातल्या तेव्ये नावाच्या दूधवाल्याचं आहे. शोलेम अलेखेम यांनी यिडिश भाषेत १८९४ पासून त्याच्या कथा लिहिल्या, आणि त्यांवरून १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये नाटक उभं राहिलं. त्या पहिल्या निर्मितीचे ३,२४२ प्रयोग झाले. आम्ही पाहिलेली नवी निर्मिती आधी २०२४ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या खुल्या रंगमंचावर आली, आणि या वर्षी तिला उत्कृष्ट पुनरुज्जीवित संगीत नाटकाचं ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीचं पारितोषिक मिळालं. आपल्या प्रतिनिधीने फोनवर हीच गोष्ट आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

त्या दिवशी दुपारनंतर कोच एका भेटवस्तूंच्या दुकानापाशी थांबली. कार्यक्रमपत्रिकेत ते दुकान नव्हतं. तिथे पन्नास मिनिटं गेली. मग जेवण लांबलं. प्रयोग साडेसातचा होता, आम्ही नाट्यगृहाच्या दारात पोचलो पावणेआठला. नियमाप्रमाणे उशिरा आलेल्यांना नाटकात योग्य विराम येईपर्यंत बाहेर थांबावं लागलं. नाट्यगृहाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तिथल्या मुलीने आईसाठी खुर्ची आणून दिली, पाणी दिलं.

पण आत काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण या नाटकावरचा १९७१ चा चित्रपट मी पाहिला आहे. मूळ नाटकाचे दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स तालमींच्या आधी लेखक-संगीतकारांना पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत असत, हे नाटक नेमकं कशाबद्दल आहे? शेवटी उत्तर सापडलं, परंपरा. म्हणून सुरुवातीचं ते गाणं लिहिलं गेलं. बाप, आया, मुलगे, मुली, सगळं गाव त्या एका गाण्यात उभं राहतं, आणि नंतर एकेक मुलीच्या लग्नापायी त्यातला एकेक धागा सुटत जातो. आपल्या संगीत नाटकाची नांदी हुकावी तसं हे आहे. किंबहुना जास्तच, कारण नांदी हुकली तरी नाटकाची गोष्ट कळते.

तरीही आत बसल्यावर आई सगळं विसरली. शुक्रवार संध्याकाळच्या, साबाथच्या दिव्यांचा प्रसंग आला तेव्हा तिने माझा हात धरला. आमच्या घरी खोबरेल तेलाचे दिवे लागत, तिथे मेणबत्त्या होत्या, एवढाच फरक. तेव्येची थोरली मुलगी त्साइटल शिंप्याशी लग्न करते. त्या लग्नाच्या मांडवात टोपीवर बाटली तोलून पुरुष नाचतात. त्या वेळी आई माझ्या कानात म्हणाली, "आपल्याकडे मेंदीच्या दिवशी असाच गोंधळ असायचा." दुसरी होडेल क्रांतिकारक तरुणासाठी सायबेरियाला निघते. तिसरी, चावा, ज्यू नसलेल्या मुलाशी लग्न करते आणि तेव्ये तिला मेलेली मानतो. तिथे आई हलली नाही की बोलली नाही.

कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे. आईच्या थोरल्या बहिणीने समाजाबाहेर लग्न केलं. माझ्या आजोबांनी त्यानंतर मरेपर्यंत तिचं नाव उच्चारलं नाही. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. आपल्याला सांगते आहे, कारण पुढे काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

दहा वाजून गेले होते. रंगमंचावर हवालदार येऊन तेव्येला सांगत होता की तीन दिवसांत सगळ्यांनी गाव सोडायचं. नेमक्या त्या वेळी आपल्या टूर मॅनेजरने मोबाइलचा दिवा लावून आमच्या रांगेला उठायची खूण केली. सव्वादहाला कोच निघणार होती. मी हळूच म्हटलं, "पंधरा मिनिटं थांबा, आता संपेलच." तो म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हरचे तास संपतायत. राहिलेलं यूट्यूबवर बघा." आम्ही चौतीस माणसं भर प्रयोगात अंधारातून उठून निघालो. मागच्या लोकांना दिसेना, कोणीतरी वैतागून "श्श" केलं. समोर नट घर सोडायच्या दुःखात उभे आणि आमची रांग दाराकडे चाललेली. ती शरम अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

टूर मॅनेजरवर माझा राग नाही. तरुण मुलगा, वेळापत्रक त्याच्या हातात दिलेलं. चालकाला विश्रांती मिळालीच पाहिजे, तो कायदा योग्य आहे. पण हे नाटक मध्यंतर धरून पावणेतीन तासांच्या वर चालतं. साडेसातला सुरू झालेलं नाटक सव्वादहाला संपत नाही, हे तिकिटं काढतानाच कळायला हवं होतं. दुपारचा प्रयोग घेता आला असता, दुसरी गाडी सांगता आली असती, निदान ते दुकान गाळता आलं असतं. ठाण्यात गडकरी रंगायतनमध्येही शेवटच्या गाडीसाठी लोक उठतात. पण ते आपल्या मर्जीने उठतात, त्यांना कोणी उठवत नाही.

आणि त्या पंधरा मिनिटांत काय होतं? सोडून जायच्या घराची तेव्येची बायको गोल्डा झाडलोट करते, घाण घर मागे ठेवायचं नाही म्हणून. चावा निरोप घ्यायला येते. तेव्ये तिच्याकडे बघत नाही, पण थोरल्या मुलीच्या आडून पुटपुटतो की देव तुझ्याबरोबर असो. मग तो गाडा ओढत निघतो आणि फिडलवाल्याला, म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याला, मागोमाग यायची खूण करतो.

हॉटेलवर पोचल्यावर आईने एकच विचारलं, "तो चावाशी बोलला का गं शेवटी?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मला बघायचं होतं."

अलिबागचं आमचं घरही रिकामं झालं. पण आम्हाला कोकणातून कोणी हाकललं नाही, भाऊबंद आपल्या पायांनी इस्राएलला गेले. आई हा फरक नेहमी आवर्जून सांगते, म्हणून मीही सांगते. तरी रिकाम्या घराकडे पाठ फिरवून निघणं तिला माहीत आहे. मंचावर ते घडताना तिला बघायचं होतं, आणि या वयात पुन्हा लंडनला जाणं तिला शक्य नाही.

'बहुतांश भाग' हे आपलं उत्तर मला मान्य नाही. नाटक वजनावर विकत नाहीत. आपण छापील पत्रिकेत 'संपूर्ण प्रयोग' असं लिहिलं होतं. तिची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि आपल्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे.

दोघींच्या नाटकाचे २९,००० रुपये परत मिळावेत, आणि आईच्या नावे लेखी दिलगिरीचं पत्र यावं, मराठीत, म्हणजे ती स्वतः वाचू शकेल. पुढच्या तुकड्यांसाठी आपण काय बदल केला, तेही त्यात लिहावं. सप्टेंबरच्या सहलीच्या पत्रिकेत तीच वेळ आणि तोच सव्वादहाचा कोच मला दिसला. ते प्रवासी कोणत्याही नाटकाला जावोत, त्यांना पडदा पडेपर्यंत बसू द्यावं.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्यामुळे ती मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते.

आपली,
जून सहलीतील एक प्रवासी
ठाणे (पश्चिम)