ड्रायव्हर लिहायलाही शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपवरील छोट्या संगणकाच्या) प्रयोगशाळेत आम्हा विद्यार्थ्यांना तयार लायब्ररीतील (आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या संचातील) फंक्शन वापरून एलईडी लुकलुकवायला शिकवतात आणि तेवढ्यावर जर्नलवर सही मिळते. त्या फंक्शनच्या आत कोणत्या रजिस्टरमधील (चिपचे भाग नियंत्रित करणाऱ्या छोट्या स्मृतिकप्प्यातील) कोणता बिट बदलतो, हे तोंडी परीक्षेतही कोणी विचारत नाही. एसटीएम३२एफ१०३ या चिपसाठी मी लायब्ररीविना पहिला ड्रायव्हर, म्हणजे चिपचा एखादा भाग थेट चालवणारा प्रोग्राम, लिहिला, तेव्हा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होऊनही दोन दिवस दिवा लागेना. अखेर हजाराहून अधिक पानांचे रेफरन्स मॅन्युअल चाळताना उलगडले, की दिवा जोडलेल्या पोर्टचे (पिनांच्या गटाचे) क्लॉकच, म्हणजे त्याला चालवणारे घड्याळी स्पंदच, मी सुरू केले नव्हते आणि क्लॉकविना रजिस्टरमध्ये लिहिलेले सारे वाया जाते. पुढे यूएआरटीसाठी (माहिती एकेक बिट करून पाठवणाऱ्या भागासाठी) ७२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ११५२०० या हव्या असलेल्या बॉड रेटने (दर सेकंदाच्या बिटांच्या संख्येने) भागून आलेला ६२५ हा आकडा बॉड रेट रजिस्टरमध्ये स्वतः भरला, तेव्हा वेगाचे हे गणित प्रथमच नीट कळले. लायब्ररी टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. नोकरीत बहुधा त्याच वापराव्या लागतील. परंतु किमान जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिना), टायमर व यूएआरटी यांचे ड्रायव्हर मॅन्युअल समोर ठेवून विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावेत आणि रजिस्टरच्या पॉइंटरला (त्याचा पत्ता धरणाऱ्या चलाला) ‘व्होलाटाइल’ (दर वेळी प्रत्यक्ष वाचा-लिहा, असे कंपायलरला सांगणारा शब्द) का लावले, एवढे तरी तोंडी परीक्षेत विचारावे, अशी अभ्यास मंडळांना विनंती आहे.

– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी