डोंबिवलीच्या ताई आणि दादांना

प्रिय ताई आणि दादा,

तुमची नावं लिहीत नाहीये, दादांनी पहिल्याच फोनवर सांगितलेलं की आमच्यात, म्हणजे जुगार सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये, आडनाव कोणी विचारत नाही आणि तुम्ही पण विचारू नका. पण आभार मला चारचौघात मानायचेत. रात्री दोन वाजता जुगारी नवऱ्याचा फोन उशाखालून काढून मेसेज बघत बसणाऱ्या बायका मला माहितीयेत, मी त्यातलीच एक होते, त्यातल्या एखादीच्या हाती हे पडलं तर तिला कळू दे की अशी माणसं असतात.

तुम्ही काय केलंत ते नीट लिहिते. नुसतं "खूप आधार दिलात" म्हणून भागत नाही.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते जुलै 2025 मध्ये. ते मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी झोपेची गोळी दिली आणि सांगितलं की जुगार ही नुसती वाईट सवय नाही, 2013 पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या पुस्तकात सुद्धा तो दारूसारख्या व्यसनांच्या शेजारीच लिहिलेला आहे, त्यामुळे गोळीसोबत ग्रुप पण लागेल. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे जुगार सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांचा ग्रुप, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली गोष्ट चिंचवडच्या वन बीएचकेत कशी कामाला येणार असं वाटलं मला, खरं सांगते. मग त्याच रात्री त्या ग्रुपमधल्या दादांचा, म्हणजे तुमचा, फोन आला.

दादा, तुम्ही त्याला उपदेश केला नाहीत. वीस प्रश्न आहेत म्हणालात, मी वाचतो, तू हो किंवा नाही म्हण, सात किंवा जास्त हो आले तर आपण एकाच गाडीतले. आणि प्रत्येक प्रश्नाला आधी तुम्ही तुमचं उत्तर देत होतात. कल्याण मटक्याचा ओपन-क्लोज, मग लॉटरीची दुकानं, मग फोनवरचा तीन पत्ती, सगळं सांगितलंत. फोन स्पीकरवर होता, मी भांडी आवरत ऐकत होते. एक प्रश्न आला की जुगाराचे पैसे घरखर्चाला वापरायला जीव होत नाही का. त्या आठवड्यात लेकीच्या व्हॅनवाल्याचे पैसे थकले होते आणि याच्या रमीच्या वॉलेटला आठ हजार पडून होते, ते मला माहिती होतं आणि त्यालाही माहिती होतं की मला माहितीये. तो बराच वेळ गप्प होता. तुम्ही पण गप्प राहिलात, घाई केली नाहीत. मग "हो" म्हणाला. माझ्या तोंडावर इतकी वर्षं जे कबूल केलं नाही ते एका अनोळखी माणसाला फोनवर सांगितलं, पण मला राग नाही आला, हायसं वाटलं.

आणि मग तुम्ही सरळ विचारलंत, "जीव द्यायचे विचार येतात का?" माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. असं कोणी विचारतं का, असं वाटलं. तो म्हणाला येतात. तुम्ही फोन ठेवला नाहीत, मला बोलावून घेतलंत, आज रात्री त्याला एकट्याला सोडू नका आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टरांना हे सांगा म्हणालात, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून घ्यायला लावलात, म्हणजे रात्री-अपरात्री तुम्ही नाही उचलला तरी तिथे कोणीतरी उचलेल. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. विचारल्याने डोक्यात येत नाही, आधीपासून असतं ते बाहेर येतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. तुम्ही विचारलं नसतंत तर मला कळलंच नसतं.

सुरुवातीचे दिवस काय असतात हे बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं दारू सोडली की हात थरथरतात, जुगारात काय, खेळायचं बंद केलं की झालं. तो रात्रभर कुशी बदलायचा, लेकीने पेन्सिल पाडली तरी अंगावर यायचा, टीव्ही लावून बघायचा नाही, अंगठा मात्र सारखा मांडीवर हलत असायचा पत्ता सरकवल्यासारखा. अकराच्या पुढे सगळ्यात वाईट. तुम्ही त्याला एकच सांगितलं होतंत, तलफ आली की लावायच्या आधी फोन कर, आणि आधी नाही जमलं तर लावल्यावर कर, पण कर. आणि तो केला की तुम्ही जुगाराचं बोलायचाच नाहीत! आज भाजी काय केली, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, कंपनीत कुठली शिफ्ट, असं वीस-पंचवीस मिनिटं चालायचं आणि तेवढ्यात त्याची तलफ उतरायची. मला आधी वाटायचं हे काय गप्पा मारतायत. नंतर कळलं की हेच काम आहे.

ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा संसदेत झाला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि रमीच्या अ‍ॅपवर पैसे लावणं थांबलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. कायदा झाला ते चांगलंच झालं, माझं आजही तेच मत आहे, कारण चोवीस तास खिशात अड्डा घेऊन फिरणाऱ्या माणसाने सोडायचं तरी कसं. पण दादा, तुम्ही म्हणालात अ‍ॅप बंद झालंय, आपण बंद झालोय का ते बघू. आणि झालं तसंच, टेलिग्रामवर कोणीतरी क्रिकेटवर सट्टा लावायची आयडी द्यायला तयारच होतं, पाचशे टाका आणि सुरू करा, विड्रॉल दहा मिनिटात.

मधे गणपती आले, 27 ऑगस्टला. आमचं गाव संगमेश्वरकडे, तिकडे आरती-भजन झालं की जागरणाला पत्ते बसतात, दहा-वीस रुपयाचा डाव, कोणी वाईट मानत नाही त्यात. जायचं की नाही यावर घरात नुसती भांडणं. ताई, तुम्ही म्हणालात देवाला जाऊ दे त्याला, पण एका माणसाला आधी सांगून ठेव. चुलतदिराला फोन करून सगळं सांगितलं, सांगताना घसा कोरडा पडला माझा. त्याने काय केलं तर याच्या हातात झांजा दिल्या आणि भजनाच्या मंडळीत मधोमध बसवला, त्या घरातून उठले की पुढच्या घरी, तिथून उठले की अजून पुढच्या. पहाटे तीनला आला तेव्हा तळहात लाल झालेले. पत्त्यांच्या खोलीत गेलाच नाही.

गावाहून आल्यावर तुम्ही दोघं रविवारी सकाळच्या गाडीने आमच्याकडे आलात, सोबत एक लांब वही. ग्रुपमध्ये याला प्रेशर रिलीफ म्हणतात असं सांगितलंत, नवरा-बायको दोघांनी बसायचं आणि सगळं कर्ज कागदावर आणायचं. मला त्याने साडेचार लाख सांगितले होते. ताई, तुम्ही मान वर न करता लिहीत होतात, लोन अ‍ॅप तीन, क्रेडिट कार्ड दोन, पतसंस्था, कंपनीतला मित्र, माझा भाऊ (हे मला माहितीच नव्हतं), भिशीचे उचललेले पैसे. साडेदहा लाखाच्या वर गेलं. मी उठून पाणी प्यायला गेले. परत आले तर दादा म्हणत होते, "अजून एक असेल बघ, नेहमी एक राहतं." तो नाही म्हणाला. दादांनी वही मिटली नाही. पंखा फिरत होता, खाली पोरं खेळत होती, आणि मग तो म्हणाला, "आईची एफडी." सासूबाई आतल्या खोलीत शेंगा सोलत होत्या.

तो आकडा पण लिहिलात तुम्ही, बाकीच्यांसारखाच, त्याच अक्षरात. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतः आईला सांगितलं, दादा शेजारी बसले होते म्हणूनच सांगू शकला.

त्या दिवशी माझी तयारी होती पाटल्या मोडायची, डबा काढूनच ठेवला होता. ताई, तुम्ही तो डबा परत कपाटात ठेवायला लावलात. कर्ज एका दमात फिटलं की त्याला वाटेल चला, परत उधार मिळायला लागलं, आणि सहा महिन्यांनी तू परत इथेच बसशील, आणि तेव्हा पाटल्या पण नसतील. एका लोनसाठी दुसरं लोन नाही, माहेरून नाही, सोनं नाही. पहिले घरखर्च लिहायचा, दूध, किराणा, लाईटबिल, व्हॅन, आईच्या बीपीच्या गोळ्या, आणि मग उरतं त्यातून प्रत्येकाला थोडं थोडं, आणि प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगायचं की एवढंच देऊ शकतो पण दर महिन्याला देईन. मला हे उलटं वाटलं, घेणेकरी दारात आणि आपण दुधाचा हिशोब करतोय. पण घर उपाशी ठेवून भरलेला हप्ता दोन महिने टिकतो, हे तुम्ही स्वतः भोगून सांगत होतात.

वसुलीवाल्यांचं पण तुम्हीच सांगितलंत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्येच सांगून ठेवलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, आणि नातेवाईकांना फोन करून अब्रू काढणं तर अजिबात चालत नाही. मी रात्री नऊला आलेल्या फोनवर हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आवाज कापत होता माझा, पण पलीकडच्याने फोन ठेवला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी शांत झोपले.

पगार माझ्या खात्यात, कार्ड माझ्याकडे, त्याच्या फोनवर यूपीआय बंद, रोजचे दीडशे रुपये सुट्टे. आणि तरीही तुम्ही म्हणालात पैसे सांभाळ पण पोलीस होऊ नकोस, त्याचा फोन तपासत बसशील तर तो लपवायला शिकेल आणि तू आजारी पडशील. हे मला सगळ्यात जड गेलं ताई. तुम्ही तुमचं मंगळसूत्र गेलं त्याची गोष्ट सांगितलीत, माहेरी कित्येक वर्षं खोटं घालून गेलात ते, एका दमात, काही न लपवता. त्यानंतर मी माझ्या बहिणीला सगळं सांगितलं.

सप्टेंबरमध्ये आशिया कप. भारत-पाकिस्तान तीनदा, 14, 21 आणि 28, तिन्ही रविवार. पहिल्या मॅचला त्याने मित्राच्या आयडीवरून दोन हजार लावले. रात्री साडेअकराला त्यानेच दादांना फोन केला, मला उठवून समोर बसवलं आणि आकडा सांगितला. दादा, तुम्ही "परत केलंस?" असं म्हणाला नाहीत. सांगितलंस ना, आता झोप, उद्यापासून तारीख नवी, आणि त्या मित्राचा नंबर माझ्यासमोर ब्लॉक कर. एवढंच. मी त्याला घराबाहेर काढायच्या तयारीत होते, तुमच्या आवाजामुळे थांबले.

28 च्या फायनलला तुम्ही संध्याकाळी आठला ऑनलाइन मीटिंग ठेवलीत, मुद्दाम मॅचच्याच वेळेला. साडेनऊला संपायची होती, पण कोणी लिंक सोडेना. कोणी कॅमेरा बंद करून, कोणी गॅलरीतून, एक जण चालत्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. कोणी स्कोअर विचारत नव्हतं. बाराच्या सुमारास अचानक सगळ्यांच्या खिडक्यांतून एकदम फटाके ऐकू यायला लागले, नाशिकच्या, ठाण्याच्या, आमच्या, आणि कोणीतरी म्हणालं, "जिंकलो वाटतं." दादा म्हणाले, "हो, जिंकलो. आता पुढचा बोला." माझा नवरा हसला. पैसे न लावता भारत जिंकल्याचा आनंद त्याला किती वर्षांनी झाला असेल देव जाणे.

तुम्ही या सगळ्याचा एक रुपया घेतला नाहीत. गाडीचं तिकीट सुद्धा देऊ दिलं नाहीत, मला आधी ते अवघड वाटायचं. दादा म्हणाले मला पण कोणीतरी फुकटच दिलंय हे. आता मला कळतंय ते काय म्हणत होते, कारण मागच्या महिन्यापासून सोलापूरची एक बाई मला फोन करते, तिचा नवरा अजून मान्य पण करत नाहीये. मी तिला वही आणायला सांगितलीये आणि पाटल्यांना हात लावू नको म्हणून सांगितलंय.

इकडची खबर म्हणजे पतसंस्थेचं कर्ज संपलं, पावतीचा फोटो वेगळा पाठवते. माझ्या भावाचे निम्मे दिले. सासूबाईंच्या नावाने आरडी सुरू केलीये, महिना पाचशेची, फॉर्म त्यानेच भरला. अजून कधी कधी अकरानंतर उठून गॅलरीत जातो आणि तुम्हाला फोन लावतो, ते मला ऐकू येतं आणि मी परत झोपते.

फेब्रुवारीत पुण्याला लग्नाला येणार म्हणालात ना, तर शनिवारी मुक्कामालाच या. रविवारी संध्याकाळी त्याची मीटिंग असते, दादांना पण बसता येईल. ताई, तुम्ही आणि मी तोपर्यंत वहीचं नवीन पान मांडू, कार्डाचं सेटलमेंट लेटर आलंय, त्यातलं एक कलम मला कळत नाहीये.

तुमची,
चिंचवडची धाकटी बहीण