बटण कोण काढतं ते आधी विचारा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला, बरा जमलाय, पण 'आता कोड एकदाच लिहायचा आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाईल सगळीकडे चालतो' हे वाक्य जरा खटकलं. खोटं नाहीये, पण नवंही नाही आणि इतकं सोपं तर मुळीच नाही. गेली बारा वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

हा खटाटोप नव्वदच्या दशकापासून चालू आहे. बटणं, खिडक्या, मेनू काढायच्या तयार कोडला टूलकिट म्हणतात, त्यातलं डब्ल्यूएक्सविंडोज १९९२ ला एडिनबरा युनिव्हर्सिटीत सुरू झालं (पुढे मायक्रोसॉफ्टने नावाला हरकत घेतली म्हणून २००४ ला त्याचं डब्ल्यूएक्सविजेट्स झालं), नॉर्वेतल्या दोघांचं क्यूटी १९९५ ला लोकांच्या हातात आलं, आणि जीटीके तर बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गिंप या चित्रं एडिट करायच्या प्रोग्रामसाठीच लिहिलं, कारण मोटिफ या आधीच्या टूलकिटला ते वैतागले होते.

पण भांडण तेव्हापासून एकच आहे, स्क्रीनवरचं बटण काढायचं कोणी? जावा या प्रोग्रामिंग भाषेचं पहिलं टूलकिट एडब्ल्यूटी, ते सिस्टीमला (म्हणजे विंडोज, मॅक वगैरेला) सांगायचं की बाई तुझं बटण दे, त्यामुळे सगळ्या सिस्टीमकडे जे होतं तेवढंच मिळायचं, साधं टेबल हवं असलं तरी स्वतः करा. मग १९९८ ला जावा १.२ बरोबर स्विंग आलं, त्याने सगळं स्वतःच रंगवलं, सगळीकडे सारखं दिसलं आणि म्हणूनच सगळीकडे परकंही दिसलं! त्यावर आयबीएमवाल्यांनी एक्लिप्स या कोड लिहायच्या प्रोग्रामसाठी एसडब्ल्यूटी काढून परत सिस्टीमचं बटण धरलं. आजच्या टूलकिटमध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सिस्टीमकडे मागतं, फ्लटर स्वतः रंगवतं, इलेक्ट्रॉन प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) बांधून आणतं. (इलेक्ट्रॉनला जड म्हणून शिव्या घालायची फॅशन आहे, मीही घालतो, पण तीन माणसांच्या टीमला तीन सिस्टीमसाठी तीन वेगळे प्रोग्राम सांभाळायला लावून बघा एकदा.)

आता स्वतः रंगवायचं म्हटलं की जे फुकट मिळत होतं ते सगळं आपल्या डोक्यावर येतं, आणि हे लेखात कुठेच नाही. मी एकदा एक छोटं टूलकिट घेतलं होतं, नाव घेत नाही, डेमो झकास, बटणं गुळगुळीत. मराठी लेबल टाकलं 'किती' आणि स्क्रीनवर पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन त ला चिकटली. कारण मेमरीत आधी क असतो आणि मग वेलांटी, काढताना मात्र ती अक्षराच्या आधी यावी लागते, आणि त्या टूलकिटला एवढंच माहीत होतं की एकापुढे एक चित्रं ठेवत जायची. 'विद्यार्थी' मधला रफार तर विचारूच नका. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी (तयार कोडचा गठ्ठा) करते, क्यूटी, क्रोमियम, फ्लटर, जीटीकेचं अक्षरं मांडणारं पँगो सगळे तीच वापरतात, पण आम्ही निवडलेल्यात ती नव्हती आणि दीड महिन्याचं काम फेकून द्यावं लागलं.

दुसरी गंमत ओके आणि कॅन्सलची. विंडोजवर ओके आधी येतं, मॅकवर ते उजव्या टोकाला. बोटांना सवय झालेली असते, उलटं केलं की माणूस भलतंच दाबतो. क्यूटीत यासाठी वेगळा डबाच आहे, बटणं त्यात टाकायची, ते सिस्टीम बघून क्रम लावतं. असल्या बारीक गोष्टीत कुणाची तरी वर्षं गेलेली असतात, जाहिरातीत त्या दिसत नाहीत इतकंच.

आणि स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम. स्वतः रंगवलेलं बटण त्याच्या दृष्टीने नुसते रंगीत ठिपके, तिथे 'सेव्ह' नावाचं बटण आहे हे टूलकिटने मुद्दाम वेगळं सांगावं लागतं. फ्लटर त्यासाठी पडद्यामागे अर्थाचं एक वेगळं झाड (कुठे काय आहे आणि त्याचं नाव काय याची फांद्या-फांद्यांची यादी) ठेवतं, पण लहान टूलकिट घेताना हे तपासून घ्यावं लागतं, कारण दिसणाऱ्या माणसाला त्यातली चूक कधीच कळत नाही.

तुमच्या लेखकाने चार टूलकिटचा तक्ता दिलाय, स्पीड, साइज, किंमत वगैरे. पुढच्या वेळी त्यात आणखी तीन रकाने घाला अशी विनंती, 'विद्यार्थी' नीट दिसतं का, माऊस न लावता नुसत्या टॅबने फॉर्म भरता येतो का, आणि स्क्रीन रीडर बटणाचं नाव वाचतो का. तपासायला दहा मिनिटं पुरतात.

आपला,
एक वाचक