टिकल्यांच्या पडद्याला बॅटरी जोडू नका

महोदय,

विजेने रंग बदलणाऱ्या द्रवस्फटिकी (लिक्विड क्रिस्टलच्या) टिकल्यांची माहिती आपल्या अंकात वाचली. मागून दिवा न लागणारा, भर उन्हात वाचता येणारा फलक रावेर-सावद्याच्या केळीभावांसाठी हवाच आहे. पण ‘बॅटरी जोडली की रंग बदलतो’ हे वाचून एखादा विद्यार्थी खरेच बॅटरी जोडेल, म्हणून हे पत्र.

ही टिकली द्रव नसते. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाची पिळदार रचना पॉलिमरमध्ये गोठवलेला तो काही मायक्रॉन जाडीचा घट्ट पापुद्रा. पिळाचा एक फेरा ०.३४ मायक्रॉन आणि अपवर्तनांक १.६ असेल, तर ०.५४ मायक्रॉनचा हिरवा उजेड परततो. तोही ज्याचे कंपन एकाच दिशेने वर्तुळात फिरते तेवढाच (वर्तुळी ध्रुवित), म्हणजे फार तर निम्मा. (थ्रीडी सिनेमाचा वर्तुळी ध्रुवणाचा चष्मा लावून पाहा: एका काचेतून टिकली हिरवी, दुसरीतून काळी.)

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या लेझर प्रयोगशाळेने या टिकल्या प्रोपिलीन कार्बोनेट नावाच्या द्रवात फिरवून दाखवल्या. टिकली आणि द्रव यांची वाहकता वेगळी असल्याने टिकलीच्या पृष्ठभागाशी प्रभार साचतो, आणि विद्युतक्षेत्र तिला उभी करते. कड समोर आली की रंग जातो. दहा-पंधरा अंश कलली तरी चमक बरीच उतरते, कारण परतणारा किरण दुप्पट कोनातून वळतो.

आयटीओ या पारदर्शक, वीजवाहक लेपाच्या दोन काचांत ८० मायक्रॉनची फट ठेवली, तर ४ व्होल्ट म्हणजे मायक्रॉनमागे ५० मिलिव्होल्ट, तेवढे पुरते. मात्र प्रवाह प्रत्यावर्ती (एसी) हवा. शंभर हर्ट्झच्या आसपास सुरुवात करून वारंवारता हलवत पाहावी. फार वाढवली तर प्रभार साचायला वेळ मिळत नाही, टिकल्या ढिम्म. फार कमी केली किंवा बॅटरी लावली, तर आयन काचांपाशी जमून क्षेत्र अडवतात आणि टिकल्या उभ्या राहायच्या सोडून एका काचेकडे ओढल्या जातात. द्रवाची बाटली उघडी राहिली की ओल शिरते, वाहकता वाढते आणि कालची वारंवारता आज चालत नाही. काचांच्या कडा चिकटवायचा गोंदही आधी त्याच द्रवात बुडवून तपासावा. बरेच गोंद त्यात फुगतात.

दोन अडचणी उरतात. वीज काढल्यावर टिकल्या आपल्या वजनाने हळूहळू आडव्या होतात. भाव झरझर बदलणाऱ्या लिलावाला हे चालणार नाही. आणि भुसावळच्या मेमध्ये बंद पेटीतली उष्णता हवेपेक्षा बरीच चढते, तेव्हा पॉलिमर मऊ पडण्याचे तापमान आधी विचारून घ्यावे. त्याच्यावर गेले तर गोठवलेला पीळ बिघडतो, आणि मग वीज कितीही नीट दिली तरी हिरवा रंग परत येत नाही.

— पदार्थविज्ञानाचे काही शिक्षक, जळगाव