तयारी उन्हाळ्यापासूनच

महोदय,

'पाणी गार झालं की ट्राउट अंडी घालतो' असं थंड पाण्यातल्या या माशाबद्दल सरसकट लिहिलं जातं. गोष्ट इतकी सोपी नाही. तपकिरी ट्राउटची वीण शरदात किंवा हिवाळ्याच्या तोंडावर होते, पण तयारी कित्येक महिने आधी सुरू झालेली असते आणि तिची सूत्रं तापमानापेक्षा दिवसाच्या लांबीच्या हाती जास्त असतात. दिवस आखडू लागले की मादीच्या रक्तात इस्ट्राडिओल हे स्त्री-संप्रेरक चढत जातं. त्याच्या हुकमावर बलकाचं प्रथिन तयार करतं ते यकृत (हो, अंडाशय नव्हे!), मग ते रक्तावाटे अंड्यांत साठतं. अंडी पक्व व्हायच्या सुमारास मात्र इस्ट्राडिओल झपाट्यानं उतरतं आणि प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं एक संप्रेरक उसळी घेतं. नरात ११-कीटोटेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचा जोर असतो. खालचा जबडा आकड्यासारखा वळतो तो याच काळात. मत्स्यबीज केंद्रांत दिवे लावून विणीचा हंगाम पुढे-मागे करतात, तेही दिवसाच्या लांबीच्या याच प्रभावाच्या जोरावर.

तापमान गौण आहे, असं मात्र नव्हे. दिवस वेळेवर आखडतात. पण ऐन शरदात पाणी कोमटच राहिलं तर अंडी उशिरा सुटतात, त्यांचा दर्जाही घसरतो. मेलेल्या माशांची बातमी होते, या अंड्यांची होत नाही.

– एक वाचक